किचन ट्रॉल्या: नुसती शटरं बदलायची की सगळंच काढायचं?

हा प्रश्न बहुतेक घरांत शटरमुळे निघतो. सनमायक्याच्या कडा उचकटलेल्या असतात, गॅसशेजारचं शटर पिवळं पडलेलं असतं, एखादी बिजागरी लोंबत असते. मग माणूस शोरूममध्ये जाऊन नवी शटरं बघतो आणि दर विचारून येतो. पण निर्णय शटर बघून घ्यायचा नसतो. शटरमागचा बॉक्स कसा आहे यावर तो घ्यायचा असतो, आणि त्याच्याही आधी ओट्याचा ग्रॅनाइट कशावर टेकलाय ते बघायचं असतं. शटर कितीही खराब झालं तरी बदलता येतं. बॉक्स फुगला असेल तर नव्या शटरच्या बिजागरीला धरायलाच काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट दर देणारा सहसा सांगत नाही. ‘सगळं ठेवू’ आणि ‘सगळं काढू’ यांच्या मध्येही रस्ता असतो. प्रत्येक बॉक्सचा निकाल वेगळा लावता येतो. दहा फुटी ओट्याखाली पाच बॉक्स असतील तर बरेचदा सिंकखालचा एकटा गेलेला असतो, त्याच्या शेजारच्याची एक बाजू ओलावलेली असते आणि बाकीचे तीन धडधाकट असतात. अशा वेळी सिंकचा बॉक्स नवा आणि बाकी सगळीकडे फक्त शटरं, हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

ओटा कशावर उभा आहे?

सिंकशेजारचं शटर उघडा, टॉर्च मारा आणि वर बघा.

ग्रॅनाइटखाली आडवा कडाप्पा आणि त्याला उभ्या कडाप्प्याचे किंवा विटांचे आधार दिसले, तर निम्मा प्रश्न सुटला. ओट्याचं वजन लाकडावर नाही. असे ओटे जुन्या इमारतींत आणि बंगल्यांत भरपूर आहेत, बिल्डरने तयार करून दिलेल्या फ्लॅटमध्येही सापडतात. इथे खरं तर बॉक्स नसतोच. कडाप्प्याच्या खणात ट्रॉल्यांची चॅनेल बसवायला प्लायच्या पट्ट्या आणि पुढे एक फ्रेम असते. पट्ट्या, फ्रेम, शटर, काहीही सुटं बदलता येतं आणि ग्रॅनाइटला हात लावावा लागत नाही. अशा ओट्याचं ‘सगळं तोडून नवं मॉड्युलर करू’ असं कोणी सुचवलं तर आधी कारण विचारा. कडाप्पा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही.

टॉर्चच्या उजेडात प्लाय किंवा बोर्डाच्या बाजू आणि वरच्या आडव्या पट्ट्याच दिसल्या, तर ग्रॅनाइट थेट बॉक्सवर बसलाय. २० मिमी जाडीच्या, ६०० मिमी रुंद आणि ३ मीटर लांब ग्रॅनाइटचं वजन ९५ ते १०० किलो भरतं. सगळे बॉक्स काढायचे म्हणजे तो उचलायचा. उचलताना तो हमखास तुटतो ते सिंकच्या आणि हॉबच्या कटआउटपाशी, कारण तिथे पुढे जेमतेम अडीच-तीन इंचांची पट्टी शिल्लक असते. म्हणून अशा ओट्याचा पूर्ण बदलाचा हिशेब करताना नवा ग्रॅनाइट, भिंतीवरच्या टाइल्सची खालची ओळ, सिंकची पुन्हा जोडणी आणि गॅसचं काम हे सगळं धरायचं. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा फक्त बॉक्स आणि शटरं असतात. उरलेलं तोडफोड सुरू झाल्यावर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतं.

बॉक्सची तपासणी

तास-दीड तास लागतो. टॉर्च, दाभण, स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर, टेप आणि स्क्रू ड्रायव्हर एवढं पुरतं. ट्रॉल्या रिकाम्या करून बाहेर काढा. भरलेल्या ट्रॉलीमागे काय आहे ते दिसत नाही, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते.

आधी बोर्ड कुठला आहे ते ओळखा. नळाच्या पाइपसाठी पाडलेलं भोक बघा, तिथली कड उघडी असते. थर दिसले तर प्लाय. लाकडाच्या चिपा दाबून बसवल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा, दाट, तपकिरी पुठ्ठ्यासारखा असेल तर एमडीएफ. तसाच पण हिरवा आणि हाताला जड लागला तर बहुधा एचडीएचएमआर, म्हणजे दमटपणाला जास्त टिकणारा दाट बोर्ड. हिरव्या रंगावर मात्र विसंबू नका. तो ओळखीसाठी घातलेला रंग आहे, बोर्ड पाण्याला टिकतो तो आतल्या रेझिनमुळे.

मग सिंकखालच्या तळाची आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या चार इंचांची जाडी मोजा, आणि तीच जाडी वर, कोरड्या जागीही मोजा. वर १८ मिमी आणि खाली २० किंवा जास्त भरली तर तो बोर्ड फुगलाय. फुगलेला पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ वाळल्यावर पूर्ववत होत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. तो बॉक्स बाद. प्लायच्या बाबतीत दाभण वापरा. टोक सहज पाव इंच आत गेलं, किंवा बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर थर सुटलेत. नुसता काळा डाग असेल, दाभण जात नसेल आणि आवाज भरीव असेल, तर प्लाय शाबूत आहे.

बॉक्स खालूनच का जातो, याचं कारण आपल्या सवयीत आहे. ओटा आणि फरशी पाणी ओतून धुतली जाते. पाणी स्कर्टिंगच्या, म्हणजे बॉक्सखालची जागा झाकणाऱ्या पट्टीच्या मागे शिरतं आणि बाजूच्या फळ्यांच्या उघड्या खालच्या कडेतून वर चढतं. बाहेरून सनमायका कोरडा दिसतो, आत बोर्ड पाणी पीत असतो. म्हणून स्कर्टिंग काढून बघितल्याशिवाय ‘बॉक्स चांगले आहेत’ असं म्हणायचं नाही. खाली १०० मिमीचे पीव्हीसी पाय असतील तर बॉक्स वाचण्याची शक्यता बरीच जास्त. बॉक्स थेट फरशीवर किंवा लाकडी चौकटीवर बसवलेला असेल तर तिथली प्रत्येक कड दाभणाने टोचून बघा.

बिजागरीच्या प्लेटचे स्क्रू आवळून बघा. स्क्रू नुसता फिरत राहिला तर भोक सैल झालंय. बोर्ड कोरडा आणि शाबूत असेल तर हे बॉक्स टाकायचं कारण नाही, कारण नव्या शटरला बिजागऱ्या ५० मिमी वर किंवा खाली घेता येतात आणि प्लेटला कोरी जागा मिळते. जुनंच शटर ठेवलं तर ही सोय नाही, त्यातली ३५ मिमीची गोल खाच जिथे आहे तिथेच राहते.

शेवटी बॉक्स गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे का ते बघा. समोरून दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय ७२० च्या बॉक्सचा कर्ण ९३७ मिमी येतो. दोन कर्णांत एक सुताचा, म्हणजे ३ मिमीचा फरक बिजागरीच्या ॲडजस्टमेंटमध्ये जिरतो. जास्त असेल तर आधी पायांचे स्क्रू फिरवून लेव्हल करा आणि पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर शटरमधली फट वर बारीक, खाली रुंद अशी दिसणार. ज्यांना ते खुपतं त्यांनी तो बॉक्स बदलावा, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

वरच्या कपाटांना पाणी क्वचितच लागतं, तिथे वेगळी गोष्ट बघायची. कपाटाचा वरचा काठ आणि भिंत यांत फट पडली आहे का? कपाट फक्त मागच्या ६ मिमी प्लायमधून भिंतीला स्क्रू मारून लटकवलंय का? तसं असेल तर शटर बदलण्याआधी आतून वरच्या कोपऱ्यांत जाड प्लायची पट्टी देऊन भिंतीत नवे फास्टनर मारा. नवं शटर जुन्यापेक्षा जड असण्याचीच शक्यता जास्त.

शटर बदलून भागणार नाही तेव्हा

वाळवीचे मातीचे बोगदे दिसले तर ते खरवडून, फवारून, वर नवं शटर लावायचं नाही. बॉक्स काढून भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण ३०० मिमी अंतराने भोकं पाडून औषध सोडावं लागतं, आणि बॉक्स जागेवर असताना तो सांधा हाताला लागत नाही. पिठासारखी बारीक पूड आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर ते लाकूड पोखरणारे किडे. ते एका बॉक्समधून दुसऱ्यात जातात, तो बॉक्स घरात ठेवू नका.

भिंतीची ओल हा सर्वांत फसवा प्रकार. पलीकडे बाथरूम असेल तर बॉक्सच्या मागून दमटपणा येतो, आणि नवे बॉक्ससुद्धा जुन्यांसारखेच कुजतात. परीक्षा सोपी आहे. एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली. भिंतीची ओल थांबेपर्यंत सुताराला बोलावू नका.

आणि रचनाच चुकलेली असेल, ओटा उंच किंवा बुटका असेल, सिंक आणि शेगडी खेटून असतील, तर नवी शटरं ते दुखणं बरं करत नाहीत. शेल्फच्या बॉक्समध्ये ड्रॉवर करायचे असतील तर मात्र बॉक्स ठेवूनही होतात. १८ मिमीच्या बाजू असलेल्या ६०० च्या बॉक्सची आतली रुंदी ५६४ मिमी. टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातं, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी ५३८. आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा. २ मिमीचा फरकही चॅनेल घट्ट करतो.

आमचा ढोबळ नियम असा: खालच्या बॉक्सपैकी एक तृतीयांशापर्यंत गेले असतील तर तेवढेच बदला. निम्म्याहून जास्त गेले असतील तर सगळे काढा. मधल्या अवस्थेत ग्रॅनाइट बघा. तो बॉक्सवर असेल आणि तुम्हाला आवडत असेल तर वाचवा. नाहीतरी तो बदलायचाच असेल तर एकदाच सगळं उरका.

शटरांचे पर्याय

रोजची फोडणी, वाफ आणि ओला फडका सहन करायला १८ मिमी मरीन प्लाय आणि त्यावर सनमायका याला अजून तोड नाही. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, तो नंबर आणि आयएसआयचा शिक्का प्रत्येक शीटवर बघून घ्या. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानदार कशावरही लावतात. पीव्हीसी मेंब्रेनचं शटर गुळगुळीत दिसतं, पण शेगडी आणि ओव्हनशेजारी उष्णतेने त्याची फॉइल कडेला सुटते. ॲक्रिलिक चकचकीत असतं आणि घासणीचा एक ओरखडा कायमचा राहतो. वरच्या कपाटांना ते ठीक, खाली नको. विनायल स्टिकर भाड्याच्या घरापुरता.

सनमायका दोन्ही बाजूंना लागतो. बाहेर १ मिमी आणि आत ०.८ मिमीचा लायनर, म्हणजे पातळ सनमायका. पैसे वाचवायला आतली बाजू नुसती रंगवली तर दोन्ही बाजू दमटपणा वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि एका पावसाळ्यात शटर धनुष्यासारखं वाकतं. जुन्याच शटरवर नवा सनमायका चिकटवायचा बेत याच कारणाने फसतो. एका बाजूला थर वाढतो, दुसरीकडे नाही. ९०० मिमीपेक्षा उंच शटरवर हे करूच नका. लहान शटरवर करायचंच असेल तर शटर काढून धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा घालवा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण मोडेपर्यंत घासा, दोन्ही पृष्ठांना रबरी गोंद लावा, बोटाला चिकटेनासा झाल्यावर मध्यापासून कडेकडे रोलरने दाबा. हा गोंद ज्वलनशील असतो. गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि शक्यतो काम स्वयंपाकघराच्या बाहेर.

मापं

शटर बॉक्सच्या बाहेरच्या मापापेक्षा ३ मिमी कमी. ६०० च्या बॉक्सला ५९७, आणि ९०० च्या बॉक्सला दोन शटरं असतील तर प्रत्येकी ४४७. हे तयार शटरचं माप. कडेला २ मिमीचा एज बँड (प्लायची कापलेली कड झाकणारी पट्टी) लावणार असाल तर प्लाय ५९३ कापायचा. हे सुताराला लिहून द्या, तोंडी सांगितलेले दोन मिमी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

उदाहरण घेऊ. खाली ६०० चे पाच बॉक्स (उंची ७२०) आणि वर ६०० चे पाच (उंची ६००). शटरं दहा, खालची ५९७ बाय ७१७, वरची ५९७ बाय ५९७. एकूण क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस फूट. आठ बाय चारच्या दोन शीट पुरतात. पहिल्या शीटमधून खालची पाच आणि वरचं एक, दुसऱ्यातून वरची चार. दुसरी शीट जवळजवळ निम्मी उरते. तिच्यातून सिंकच्या नव्या बॉक्सच्या दोन बाजू आणि पुढची-मागची पट्टी निघते, तळ मात्र निघत नाही, त्यासाठी वेगळा तुकडा घ्या. सनमायक्याच्या दोन आणि लायनरच्या दोन शीट. एज बँड २५ मीटर, वाया जाणारा धरून २८. बिजागऱ्या वीस. सनमायका एकाच वेळी आणि एकाच बॅचचा घ्या. त्याच नंबरची नंतर आणलेली शीट शेजारी लावली की छटेतला फरक कळतो.

५९७ बाय ७१७ चं प्लायचं शटर सनमायक्यासकट सुमारे सहा किलो भरतं, त्याला दोन बिजागऱ्या चालतात. तेच एचडीएचएमआरचं साडेसात किलोच्या पुढे जातं, तिथे तिसरी लावा. ९०० मिमीपेक्षा उंच शटरला कुठल्याही बोर्डात तीन.

बिजागरीचा क्रँक, म्हणजे तिच्या दांडीचा बाक, हा सर्वांत जास्त चुकणारा मुद्दा. शटर फळीची पूर्ण कड झाकत असेल तर ०, एकाच मधल्या फळीवर दोन्हीकडून शटरं येत असतील तर ८, आणि शटर चौकटीच्या आत बसत असेल तर १६. कडाप्प्याच्या ओट्यात बहुधा १६ लागतो. तिथे फ्रेमची खोली निदान ७० मिमी ठेवा, कारण शटर आत बसत असल्याने बिजागरीच्या प्लेटचे स्क्रू समोरच्या कडेपासून ३७ मिमी अधिक शटरची जाडी, म्हणजे सुमारे ५५ मिमी आत येतात. कडाप्प्याचे खण सहसा गुण्यात नसतात. प्रत्येक खणाची रुंदी वर, मध्ये, खाली मोजा, फ्रेम सर्वांत कमी मापाची करा आणि उरलेली फट फिलर पट्टीने बुजवा.

हँडल नको, गोला प्रोफाइल (शटर उघडायला बोटं घालायची, बॉक्समध्ये बसणारी पन्हळ) हवं, असं ठरवलं असेल तर थांबा. त्यासाठी बॉक्सच्या बाजूंना पुढून खाच लागते, जुन्या बॉक्सला ती नसते. शटरच्या काठावर बसणारं प्रोफाइल हँडल घ्या आणि शटरची उंची तेवढी कमी करा. दिसणाऱ्या टोकाच्या बाजूंना त्याच सनमायक्याचं पॅनेल आणि नवं स्कर्टिंगही हिशेबात धरा. ते विसरलं की जुना रंग कोपऱ्यातून डोकावतो.

मालवण, रत्नागिरी, गोवा, अलिबाग अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी बिजागऱ्या आणि ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. चुंबक लावून ३०४ ओळखता येतं हा गैरसमज आहे, स्वस्त २०२ लाही चुंबक चिकटत नाही. फरक दाखवणारं थेंब टाकायचं रसायन बाजारात मिळतं, दुकानातच तपासून घ्या.

सिंकचा एकटा बॉक्स बदलताना

ग्रॅनाइट बॉक्सवर टेकलेला असेल तर आधी सिंक कटआउटच्या दोन्ही बाजूंना, दोन इंचांच्या आत, लाकडी टेकू द्या. टेकू आणि दगडामध्ये सपाट फळी ठेवा आणि खालून पाचर हलके ठोका. ग्रॅनाइट उचलायचा नाही, फक्त धरून ठेवायचा. ड्रेनपाइप सोडवा, शेजारच्या बॉक्सना जोडणारे स्क्रू काढा, जुना बॉक्स जागेवरच कापून बाहेर घ्या. नवा बॉक्स ५९८ रुंद आणि उंचीला ३-४ मिमी कमी करा, म्हणजे तो सरकवता येतो, नंतर पायांचे स्क्रू फिरवून वर टेकवा. सिंकचं भांडं खाली लोंबत असल्याने पुढची वरची पट्टी बॉक्स आत गेल्यावरच मारावी लागते. मागची बाजू उघडी ठेवा. झाकल्या जाणाऱ्या कडांनाही एज बँड लावा, पाइपच्या भोकाच्या कडा सिलिकॉनने बंद करा. या जागी पीव्हीसी बोर्ड वापरत असाल तर बिजागरीला लाकडाचे स्क्रू मारू नका, फेसाळ बोर्डात ते सैल होतात. आरपार नटबोल्ट लावा.

ट्रॉल्या परत ठेवण्याआधी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा.

गॅस आणि कोटेशन

सिलिंडरच्या खणाच्या शटरला तळाशी जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर खाली साचतो. पाइप गॅसची लाइन हलवायची असेल तर ते काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या, सुताराकडून नाही. सिलिंडरची सुरक्षा नळी पाच वर्षांची झाली असेल तर याच वेळी बदला.

कोटेशन घेताना बॉक्स, शटर आणि हार्डवेअर यांचे दर वेगवेगळे मागा. ‘रनिंग फूट’चा, म्हणजे ओट्याच्या लांबीवर लावलेला एकच दर घेतला तर दोन बॉक्स ठेवल्याने किती वाचले ते कळत नाही. प्लायचं मानक, आतला लायनर, एज बँडची जाडी, बिजागरीचा प्रकार आणि संख्या, जुना माल कोण नेणार, हे लेखी हवं. जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवण्याचं काम टाळा. दिवाळीच्या तोंडावर सुतार मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो. शटरं बसल्यावर पंधरा दिवसांनी सुतार पुन्हा एकदा येऊन बिजागऱ्या जुळवून देईल, हेही त्याच कागदावर लिहून घ्या, आणि थोडे पैसे तोपर्यंत हाताशी ठेवा.